लोकेशन द्यावे, पण किती?

मांडव्याच्या जेट्टीला संध्याकाळची बोट लागली, की गेटवेहून परतणारी मंडळी अलिबागच्या बसकडे धावतात. त्या गर्दीत आमची भाचीही असते. मुंबईत दुकानोदुकानी फिरून ऑर्डर घेणे हे तिचे काम. एका संध्याकाळी तिने फोन आमच्यासमोर धरला. "मामू, हे बघा. ऑफिसच्या ग्रुपवर आपलं घर दिसतंय."

साहेबांच्या सांगण्यावरून ती रोज व्हॉट्सॲप ग्रुपवर लाइव्ह लोकेशन टाकत होती. ग्रुपमध्ये 40 जण. त्यातले निम्मे तिने कधी पाहिलेलेही नाहीत. सकाळी 11 ला ती 8 तासांचा पर्याय निवडायची. काम 5 ला संपायचे, लोकेशन मात्र 7 पर्यंत चालू. ती बोटीतून कधी उतरली, कोणत्या गल्लीत वळली, सगळे उघड्यावर.

साहेबांची बाजूही आहे. पगाराची वेळ ही आपल्याकडे असलेली अमानत आहे. दुकानात न जाता भेट दाखवणे म्हणजे खियानतच. पण कामाचा हिशेब मागणे वेगळे आणि माणसाच्या मागावर राहणे वेगळे. सूरह हुजुरातच्या 12व्या आयतीत तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याच्या खासगी गोष्टींचा माग काढणे, मना आहे. सूरह नूर तर दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकण्याआधी परवानगी घ्यायला आणि सलाम करायला शिकवते. फोनमधून घरापर्यंत पोहोचणाऱ्या नजरेलाही तोच अदब हवा, असे आम्हाला वाटते.

आम्ही दोघांनी फोन नीट पाहिला. लाइव्ह लोकेशनसाठी 15 मिनिटे, 1 तास आणि 8 तास असे तीन पर्याय असतात. वेळ संपण्याआधीही ते त्याच चॅटमध्ये बंद करता येते. कोणाकोणाला चालू आहे, हे सेटिंग्जमधील प्रायव्हसीत एका जागी दिसते. एक गोष्ट मात्र आम्हालाही नवी होती. लोकेशन बंद झाले, तरी ते जिथून सुरू केले त्या जागेचे चित्र चॅटमध्ये उरते. म्हणून ते घरातून कधीच सुरू करू नये.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना अदबीने विचारले, "प्रत्येक दुकानात पोहोचल्यावर तिथलं लोकेशन फक्त तुम्हाला पाठवलं तर चालेल का?" त्यांना तरी दुकानाची भेट झाली एवढेच हवे होते. ते लगेच कबूल झाले. इतके दिवस कोणी विचारलेच नव्हते.

आपल्यापैकी अनेकांचे स्वतःचे दुकान आहे, गाड्या आहेत, हाताखाली चार मुले आहेत. त्यांनाही आमची विनंती आहे: लोकेशन जरूर मागा, पण कशासाठी, किती वेळ आणि कोण पाहणार, हे आधी सांगा. सुट्टी झाली, की ते बंद करायलाही तुम्हीच सांगा. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची ताकीद असलेली आपली उम्मत आहे. त्याच्या घराचा पडदा राखणे हाही त्याचा हकच.