धर्म ओसरला, तोडगे उरले

१९८९ साली सोव्हिएत संघात सकाळच्या वेळी कित्येक घरांत दूरदर्शनसंचासमोर पाण्याच्या बरण्या मांडल्या जात. पडद्यावर ॲलन चुमाक हे गृहस्थ काही न बोलता हातवारे करीत आणि त्यामुळे पाण्यात रोगनाशक शक्ती उतरते, असा लोकांचा समज असे. जेथे सुमारे ७० वर्षे सरकारनेच निरीश्वरवाद शिकवला, तेथे हे कसे घडले?

धर्म मागे हटला की विज्ञाननिष्ठा आपोआप येते, असे आपण गृहीत धरतो. चेक प्रजासत्ताकाचे उदाहरण याला छेद देते. प्यू संशोधन केंद्राच्या २०१७ च्या अहवालानुसार तेथील ७२ टक्के लोक कोणत्याच धर्माचे नाहीत. तरीही भविष्य आणि ताईत मानणारे तेथे पुष्कळ आहेत. नियमाने चर्चला जाणाऱ्यांना भविष्य पाहण्याची धर्माचीच मनाई असते, पक्के नास्तिकही त्यापासून दूर राहतात. अशा समजुती अधिक रुजतात त्या ‘काहीतरी शक्ती असावी’ म्हणणाऱ्या मधल्या लोकांत.

सोव्हिएत शाळांत ‘देव नाही’ हे उत्तर पाठ झाले, ‘हे कशावरून?’ हा प्रश्न मात्र अंगवळणी पडला नाही. मग संकटकाळी जुन्या उत्तराची जागा नव्या तोडग्याने घेतली.

आपल्या वर्गात हे टाळता येईल. ‘भारलेले’ व साधे पाणी सारख्याच बाटल्यांत भरा, खूण फक्त तुम्हालाच ठाऊक असू द्या. मुलांना सारख्या रोपांच्या कुंड्यांना ते पाणी घालू द्या आणि वाढ मोजू द्या. निष्कर्ष त्यांनाच काढू द्या.