सरासरीचा भरवसा आणि विमानाचा तोल : शार्लट विमान अपघाताची कारणमीमांसा

प्रस्तावना

सरासरी ही संख्याशास्त्रातील अगदी प्राथमिक संकल्पना आहे. तथापि, ती ज्या गृहीतकांवर उभी असते त्यांची वेळोवेळी तपासणी झाली नाही तर केवढा अनर्थ ओढवतो, हे ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात शार्लट येथे झालेल्या विमान अपघाताने दाखवून दिले. प्रस्तुत लेखात या अपघाताच्या कारणांचा विचार केला आहे.

अपघाताचे स्वरूप

एअर मिडवेस्ट कंपनीचे उड्डाण क्रमांक ५४८१ शार्लटहून ग्रीनव्हिल-स्पार्टनबर्गकडे निघाले होते. बीचक्राफ्ट १९००डी जातीच्या या छोट्या विमानातील सर्व १९ आसने भरलेली होती. धावपट्टी सोडताच विमानाचे नाक प्रमाणाबाहेर वर उचलले गेले. वैमानिकांनी ते खाली आणण्याची शिकस्त केली. परंतु सुमारे ३७ सेकंदांतच विमान विमानतळावरील एका हँगरवर कोसळले. १९ प्रवासी व दोन वैमानिक अशा सर्व २१ जणांचा मृत्यू झाला.

पहिले कारण : सदोष देखभाल

विमानाचे नाक वर-खाली करण्याचे कार्य शेपटीवरील एलिव्हेटर नामक हलत्या पट्ट्या करतात. अपघाताच्या दोन दिवस आधी, रात्रपाळीत, त्यांच्या तारांचा ताण जुळविण्यात आला होता. हे काम करणारा तंत्रज्ञ या जातीच्या विमानावर ते प्रथमच करीत होता. पुस्तिकेतील काही टप्पे वगळले गेले. परिणामी नाक खाली आणण्याची एलिव्हेटरची क्षमता जवळजवळ निम्मी झाली. ज्या निरीक्षकाने काम शिकविले, त्यानेच ते तपासून मान्य केले. म्हणजे स्वतंत्र तपासणी अशी झालीच नाही. नंतर संपूर्ण कार्यचाचणीही घेतली गेली नाही.

दुसरे कारण : सरासरी वजन

मधल्या काळातील उड्डाणे मात्र निर्विघ्न पार पडली. अपघाताच्या दिवशी विमान पूर्ण भरलेले होते आणि सामानाचा मुख्य कप्पा मागील भागात होता. प्रवाशांचे प्रत्यक्ष वजन न करता मान्यताप्राप्त सरासरी वजन धरण्याची पद्धत असल्याने कागदावर सर्व काही मर्यादेत होते. प्रत्यक्षात भार मर्यादेपेक्षा अधिक होता आणि गुरुत्वमध्य मागील मर्यादेच्याही बराच मागे गेला होता. असे विमान नाक वर उचलू पाहते, आणि ते खाली दाबण्याची शक्ती आधीच क्षीण झालेली होती.

अपघातानंतर करविलेल्या पाहणीत प्रवाशांचे खरे सरासरी वजन गृहीत वजनापेक्षा सुमारे २० पौंडांनी अधिक आढळले. १९ प्रवाशांमागे ही तफावत ३८० पौंड, म्हणजे सुमारे १७२ किलो होते.

येथे दोन प्रकारच्या त्रुटी वेगळ्या करावयास हव्यात. पहिली, सरासरीच कालबाह्य असणे. ही त्रुटी विमान लहान असो वा मोठे, सर्वत्र सारखीच लागू होते. दुसरी, नमुना लहान असणे. यादृच्छिक नमुन्यात सरासरीची प्रमाण त्रुटी नमुन्याच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे ३०० प्रवाशांच्या तुलनेत १९ प्रवाशांच्या गटात ती सुमारे चौपट ठरते. ज्या विमानात सरासरीवर सर्वांत कमी विसंबावयास हवे, तेथेच तिच्यावर भिस्त ठेवली गेली.

निष्कर्ष

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००४ मध्ये एलिव्हेटरची चुकीची जुळणी आणि मागे सरकलेला गुरुत्वमध्य यांचा एकत्रित परिणाम हे अपघाताचे कारण मानले. कंपनीची देखरेख व नियामक संस्थेची सरासरी वजनाची गृहीतके यांवरही मंडळाने बोट ठेवले. पुढे ही प्रमाणित वजने वाढविण्यात आली. २००५ मध्ये कंपनीने मृतांच्या कुटुंबीयांसमोर आपली जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली.

सदर अपघाताचा दोष एका तंत्रज्ञाच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु त्याची चूक पकडण्यासाठी असलेले निरीक्षण आणि भाराचा हिशोब हे दोन्ही आधार केवळ कागदोपत्री उरले होते. सरासरी वापरणे गैर नाही. ती कोणाची, केव्हाची आणि किती जणांसाठी, हे न विचारता वापरणे घातक आहे.