भाषाशास्त्र कोठे शिकावे?

तापीच्या मुखाशी वसलेल्या हजीऱ्यास कारखान्यांच्या निमित्ताने नाना प्रांतांची कुटुंबे आली आहेत. तेथील मराठी मूल घरी मराठी, बाजारात गुजराती व कामगारांत हिंदी ऐकत वाढते. अशा मुलाने पदवीनंतर भाषाशास्त्र शिकण्याची इच्छा दर्शविली, तर पालकहो, 'त्याने पोट कसे भरणार?' असे म्हणून त्यास एकदम गप्प करू नका.

भाषाशास्त्र म्हणजे पुष्कळ भाषा पाठ करणे नव्हे. ध्वनी, शब्द व वाक्य यांच्या घडणीचे ते शास्त्र होय. फादर थॉमस स्टीफन्स यांनी लोकांच्या तोंडची कोकणी अशीच अभ्यासिली. तिचे त्यांनी रचिलेले व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, गोव्यात रायतूर येथे छापले गेले.

हजीऱ्यास जवळ बडोद्याचे सयाजीराव विद्यापीठ. पुण्यास डेक्कन कॉलेज, जेथे १९४८ साली संस्कृतच्या महाकोशाचे कार्य आरंभिले गेले. परंतु केवळ नावावर भुलू नये. तेथील अध्यापक स्वतः कोणत्या भाषांवर संशोधन करतात? विद्यार्थ्यांना गावोगाव नेऊन बोली टिपावयास शिकवितात काय? शुल्क व वसतिगृहाचा खर्च किती? पूर्वीचे विद्यार्थी आज काय करतात? हे पत्र लिहून विचारावे, शक्य तर मुलासह एकदा जाऊन यावे.

दोन वर्षे व घामाचा पैसा पणास लागतो. जेथे आपल्या घरची बोलीही अभ्यासास योग्य मानली जाते, तेच विद्यालय निवडावे.