कच्चा रस्ता आणि त्याचा मैलकुली



दिघ्याच्या माणसास रस्ता म्हटला की ठाणे-बेलापूर रस्ता आठवतो. पाळी सुटली की बाहेर यावे, वाहन मिळते. जानेवारी २०२४ पासून तर दिघा गाव स्थानकात आगगाडीही थांबते. रस्ता नसणे म्हणजे काय, हे आम्हांस गडचिरोलीच्या रानात कळले.

तेंदूपाने तोडणाऱ्या मजुरांच्या सभेसाठी एका आषाढात आम्ही आलापल्लीहून भामरागडकडे निघालो होतो. मुख्य रस्ता सोडून जीप मुरमाच्या वाटेस लागली.

कच्चा रस्ता चाकांनी मोडतो, असा आपला समज असतो. त्याचा खरा शत्रू पाणी होय. रस्त्याची पाठ मध्ये उंच आणि कडेचे चर मोकळे असले, तर पाणी निघून जाते. पाठ दबली की चाकोरीत पाणी साचते, मुरूम मऊ होतो आणि पुढचे चाक अधिक खोल रुतते.

वाटेतल्या नाल्याशी ड्रायव्हर उतरला. एका दगडावर पाण्याची खूण धरून तो बसला. पाणी चढते की उतरते, हे पाहिल्यावाचून गाडी घालावयाची नसते. इथे ऊन असले, तरी वर डोंगरात पाऊस असू शकतो. वेगाच्या पाण्यात गुडघ्याशीच माणसाचा पाय सुटतो. थोडे अधिक झाले की जीपही वाहून जाते. आम्ही घाई केली, तेव्हा तो म्हणाला, "सभा उद्या होईल जी. पाणी उतरू द्या."

पलीकडच्या काठावर तापाने फणफणलेले पोर घेऊन एक बाई बसली होती. तिला हेमलकशाच्या दवाखान्यात जायचे होते. बाबा आमटे यांनी १९७३ साली तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, म्हणून दवाखाना तरी होता. वाट मात्र पाण्याखाली होती. चार तासांनी पाणी उतरले, तेव्हा तिला पोरासह जीपमध्ये घेतले आणि गाडी मागे वळविली. सभा खरोखरच दुसऱ्या दिवशी झाली.

पूर्वी बांधकाम खात्यात रस्त्याच्या ठरावीक लांबीमागे मैलकुली असे. चर उपसणे, खड्ड्यात मुरूम भरणे, मोरीचा गाळ काढणे, हे त्याचे रोजचे काम. ते काम साधे दिसते. पण चर वेळेवर उपसला नाही, तर पुढे सबंध रस्ता नव्याने करावा लागतो, आणि तोवर आजारी माणूस काठावर बसून राहतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की रस्ता मागाल तेव्हा त्याची निगा राखणारा, बारमाही पगाराचा माणूसही मागा.