एकाच नदीकाठच्या दोन प्रती

कर्जत-खालापुरात घरी सर्व्हर ठेवायचा तर डिस्कच्या आधी नकाशा बघावा, हे माझं मत गेल्या वीसेक वर्षांत पक्कं होत गेलं.

२००५ च्या सुमाराला साठवण म्हणजे सीडी-डीव्हीडी. लग्नामुंजीचं शूटिंग त्यावर यायचं आणि कपाटात साड्यांशेजारी जाऊन बसायचं. इकडचा पावसाळा खाली भिंतींना ओल देतो, वर तबकडीवर बुरशी चढवतो. दोन-चार वर्षांत प्लेअर मंगलाष्टकांतच अडकू लागायचा. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी काठच्या वस्त्यांत शिरली. ज्यांच्या घरात पाणी आलं त्यांचा अल्बम आणि त्याची डीव्हीडी एकाच गाळात गेली.

पुढे बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्क आल्या. २०११ मध्ये थायलंडातल्या पुरात डिस्कचे कारखाने बुडाले आणि भाव जगभर भडकले. ‘दुसरी डिस्क नंतर बघू’ हे वाक्य तेव्हा घराघरांत रुजलं असावं.

१ जून २०२१ पासून गूगल फोटोजची फुकट अमर्याद साठवण बंद झाली, सगळं १५ जीबीत बसवा म्हणाले. मग जुना डेस्कटॉप नाहीतर नॅसची, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायच्या डिस्कची, पेटी घेणं आलं, आणि सुरू झाला जागेचा हिशेब. ४ टीबीच्या दोन डिस्क मिररिंगला लावल्या तर हाती ४ टीबीच. चार डिस्क रेड-५ मध्ये, म्हणजे एकमेकींना सांभाळून घेतील अशा, लावल्या तर १२, एक मेली तरी चालतं. रेड-६ मध्ये ८, दोन मेल्या तरी निभावतं. रेडची कल्पना पॅटरसन, गिब्सन आणि कात्झ यांनी १९८८ मध्ये मांडली. डिस्क गेली तरी काम थांबत नाही, एवढंच ती देते. फोल्डर चुकून पुसलं की रेड ते सगळीकडून इमानेइतबारे पुसतं. २०२१ च्याच जूनअखेर वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या ‘माय बुक लाइव्ह’ पेट्या इंटरनेटवरून कुणीतरी परस्पर रिकाम्या केल्या. पेटी शाबूत, आत काही नाही.

विजेची तऱ्हा वेगळी. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं; मुंबईच्या गिरण्या या पाण्यावर चालल्या. आमच्याकडे मात्र वळवाच्या पहिल्या गडगडाटाला लाइट जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तर रायगडात खांबच आडवे झाले. यूपीएस हवाच, पण त्याच्या जिवावर पेटी रात्रभर चालवायची नसते. लाइट गेल्यावर सर्व्हरने स्वतःहून नीट बंद व्हावं, एवढ्यापुरता तो. वीज पडते तेव्हा फायबरच्या काचेतून करंट येत नाही, हे खरं. राउटरच्या अडॅप्टरमधून मात्र येतो, आणि तिथून लॅनच्या वायरीने थेट पेटीत.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराचा नियम आता सगळ्यांना पाठ आहे: तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत घराबाहेर. पण घराबाहेर म्हणजे किती लांब? आमच्याकडचं सोपं उत्तर म्हणजे डिस्क पिशवीत घालायची, लोकल पकडायची आणि बदलापूरच्या मावशीकडे ठेवायची. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. पाणी उल्हासचंच, कर्जतवरून खाली गेलेलं. मावशीचं घर तळमजल्यावर असेल तर दुसरी प्रतही त्याच पुरात.

म्हणून डिस्क घाटावर पाठवावी. पुण्याच्या बहुतेक गाड्या बँकर इंजिन जोडायला कर्जतला थांबतातच. नात्यातलं कुणी ना कुणी त्या गाडीत असतं. पेटीत तिसरी-चौथी डिस्क घालण्यापेक्षा ते पैसे मी पुण्यात राहणाऱ्या डिस्कवर घालीन. सगळं पाठवायची गरजही नाही. उतरवलेले सिनेमे एकाच प्रतीत राहिले तरी चालतात, गेले तर गेले. फोटो, फेरफारांचे स्कॅन, आजीने गायलेल्या ओव्यांचं रेकॉर्डिंग हे मिळून फार जागा खात नाही. दोन डिस्क आळीपाळीने फिरवायच्या, म्हणजे एक कायम वर राहते. खाली आलेली आधी जोडून तिच्यातले चार व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघायचे आणि मगच तिच्यावर नवीन काही चढवायचं.