भयपटांच्या ट्रेलरमधील तणावनिर्मिती

भयपटाचा ट्रेलर म्हणजे आगामी भयपटाची जाहिरात करणारी, साधारणतः दोन ते अडीच मिनिटांची चित्रफीत होय. प्रेक्षकाला भीतीची चाहूल देणे आणि त्याच वेळी भीतीचे कारण त्याच्यापासून लपवून ठेवणे, अशी दुहेरी कामगिरी ती पार पाडते. चित्रपटातील तणाव अखेरीस कुठेतरी निवळतो; ट्रेलरमध्ये मात्र तो हेतुपुरस्सर अपुरा सोडला जातो. ही अपुरी राहिलेली उत्सुकताच प्रेक्षकाला चित्रपटगृहाकडे ओढते. त्यासाठी छायाचित्रण, प्रकाशयोजना, संकलन, ध्वनी आणि पडद्यावरील अक्षरे यांचा एकत्रित वापर केला जातो.

तणाव आणि धक्का

तणाव आणि धक्का या दोन भिन्न गोष्टी आहेत. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या मुलाखतींत हा भेद एका उदाहरणाने स्पष्ट केला. टेबलाखाली ठेवलेल्या बॉम्बचा अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का बसतो. पण बॉम्ब तेथे आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असून पात्रांना ठाऊक नसेल, तर त्यांच्या साध्या गप्पांमध्येही तणाव भरून राहतो. भयपटाच्या ट्रेलरमध्ये दोन्ही पद्धती वापरल्या जातात. धक्का क्षणभर टिकतो, तर तणाव ट्रेलर संपल्यानंतरही मनात रेंगाळतो.

रचना

अनेक ट्रेलरांची रचना तीन टप्प्यांत होते. प्रथम सर्वसाधारण जीवन दाखवले जाते: नवे घर, प्रवास, खेळणारी मुले. दुसऱ्या टप्प्यात या जीवनाला लहानसा तडा जातो. आपोआप उघडणारे दार किंवा बंद खोलीतून येणारा आवाज पुरेसा ठरतो. तिसऱ्या टप्प्यात दृश्यांचा वेग झपाट्याने वाढतो आणि तो शिगेला पोहोचताच पडदा काळा होतो. चित्रपटाचे नाव झळकते. आता सारे संपले असे वाटून प्रेक्षक सैलावतो, तोच पुष्कळदा आणखी एक छोटे, दचकवणारे दृश्य येते.

छायाचित्रण आणि प्रकाशयोजना

चौकटीबाहेर काय आहे याविषयीची शंका हे छायाचित्रणाचे प्रभावी शस्त्र आहे. पात्राच्या चेहऱ्याचे समीपदृश्य दाखवले की त्याच्या मागील जागा झाकली जाते. याउलट, पात्राला चौकटीच्या एका कडेला ठेवून उरलेली जागा रिकामी सोडली, तर प्रेक्षकाची नजर त्या रिकाम्या जागेतच काहीतरी शोधू लागते. विजेरी, कंदील किंवा मेणबत्ती यांसारखा एकच प्रकाशस्रोत वापरल्यास दृश्याचा मोठा भाग अंधारात राहतो.

स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’ (१९८०) या चित्रपटाचा पहिला ट्रेलर हे टोकाच्या संयमाचे उदाहरण आहे. त्यात हॉटेलमधील बंद लिफ्टचे एकच स्थिर दृश्य दिसते. पडद्यावरून नामावली सरकत राहते, कर्णकटू संगीत चढत जाते आणि अखेर लिफ्टमधून रक्ताचा लोंढा बाहेर पडतो. कॅमेरा हलत नाही आणि दृश्य तुटत नाही; त्यामुळे प्रेक्षकाला नजर वळवायला दुसरी जागाच उरत नाही.

संकलन

दृश्ये किती वेळ टिकतात यावर ट्रेलरची लय ठरते. सुरुवातीची दृश्ये लांब असतात. पुढे ती आखूड होत जातात आणि शेवटी काही तर सेकंदाहूनही कमी काळ दिसतात. मध्ये येणारा काळा पडदा डोळ्यांना क्षणभर आंधळे करतो व पुढील दृश्याची धास्ती वाढवतो.

तणाव मूळ दृश्यांइतकाच त्यांच्या जुळणीतून निर्माण होतो, हे दोन गाजलेल्या प्रयोगांनी दाखवून दिले. २००५ मध्ये न्यू यॉर्कमधील एका सहायक संकलकाने ‘द शायनिंग’मधीलच दृश्ये वापरून तो हलकाफुलका कौटुंबिक चित्रपट भासेल असा ट्रेलर तयार केला. २००६ मध्ये ‘मेरी पॉपिन्स’ (१९६४) या मुलांच्या संगीतपटाचे रूपांतर अशाच रीतीने भयपटाच्या ट्रेलरमध्ये करण्यात आले. दोन्ही वेळा निवड, क्रम आणि ध्वनी बदलताच आशय उलटला.

ध्वनी आणि शांतता

हळूहळू चढत जाणारा स्वर, हृदयाच्या ठोक्यांसारखा नाद आणि तंतुवाद्यांचे बेसूर घर्षण यांमुळे काहीतरी घडणार असल्याची भावना होते. रिडली स्कॉट यांच्या ‘एलियन’ (१९७९) या चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये एकही संवाद नाही. तडकणारे अंडे, धावणारी माणसे आणि भोंग्यासारखा वाढत जाणारा कर्कश आवाज यांवरच तो उभा आहे. अंतराळात किंकाळी कोणालाही ऐकू जात नाही, या अर्थाची ओळ शेवटी पडद्यावर येते.

ओळखीचे सूर विद्रूप करण्याची पद्धतही रूढ आहे. जॉर्डन पील यांच्या ‘अस’ (२०१९) या चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये १९९५ मधील एक लोकप्रिय रॅप गाणे संथ व भेसूर करून वापरले गेले. परिचित गोष्ट किंचित बिघडलेली जाणवली की ती अनोळखी गोष्टीपेक्षा अधिक अस्वस्थ करते. शांततेचा उपयोगही तितकाच महत्त्वाचा आहे. ‘अ क्वाएट प्लेस’ (२०१८) या चित्रपटात आवाज करणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण देणे होय. त्यामुळे त्याच्या ट्रेलरमधील प्रत्येक लहान आवाज संकटाची सूचना ठरतो.

लपवण्याची कला

‘सायको’ (१९६०) या चित्रपटाच्या सुमारे साडेसहा मिनिटांच्या ट्रेलरमध्ये हिचकॉक स्वतः मोटेल आणि शेजारचे घर दाखवत फिरतात. ते मिस्कीलपणे बोलतात, नेमक्या मुद्द्यावर येताच वाक्य अर्धवट सोडतात आणि अखेरीस न्हाणीघराचा पडदा झटकन बाजूला करतात. कथा जवळजवळ उघड न होताही त्या वास्तूविषयी भीती निर्माण होते. ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ या चित्रपटाच्या २००९ मधील ट्रेलरमध्ये अंधाऱ्या चित्रपटगृहात दचकणारे प्रेक्षकच दाखवले गेले. पडद्यावरील भीतीचा पुरावा त्यांच्या चेहऱ्यांवरून मिळत होता.

भारतीय संदर्भ

राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) हा हिंदी चित्रपट कोकणातील संततधार पाऊस, जुना वाडा आणि अपुरा उजेड यांतून भयाचे वातावरण उभे करतो. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ (२०१७) या मराठी चित्रपटाची कथा उसाच्या फडांनी वेढलेल्या घरात घडते. माणसापेक्षा उंच ऊस दृष्टी अडवतो आणि वाट चुकवतो. अशा स्थळांना ट्रेलरच्या अल्प वेळेत फारशा स्पष्टीकरणाची गरज भासत नाही, कारण प्रेक्षक त्यांना आधीपासून ओळखत असतो.

मर्यादा आणि प्रमाणन

अतिशय परिणामकारक दृश्ये ट्रेलरमध्येच दाखवली, तर चित्रपट पाहताना त्यांचा प्रभाव ओसरतो. फारच कमी दाखवले, तर चित्रपटाचे स्वरूप प्रेक्षकाच्या ध्यानात येत नाही. दुसरा प्रश्न प्रेक्षकाच्या संमतीचा आहे. भयपट पाहणारा तो निवडून पाहतो. ट्रेलर मात्र दुसऱ्याच चित्रपटासाठी आलेल्या प्रेक्षकांसमोर, कधी लहान मुलांसमोरही येतो. म्हणून भारतात चित्रपटगृहात दाखवल्या जाणाऱ्या ट्रेलरला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे स्वतंत्र प्रमाणपत्र घ्यावे लागते. अमेरिकेत ट्रेलरच्या आरंभीच्या हिरव्या किंवा लाल पट्टीवरून तो कोणत्या प्रेक्षकांसाठी आहे, हे कळते.