लेकराचा मुतखडा : लहरींनी फुटेल का?

मूल लघवीला रडू लागले की निपाणीकडची आई ‘उन्हाळी लागली’ म्हणून धने-जिऱ्याचे पाणी पाजते. पण लघवी लाल दिसली तर वाट पाहू नये. सोनोग्राफी करून घ्यावी, असे आम्ही सांगू.

खडा निघालाच, तर चाकूवाचून फुटेल का? धक्का-लहरींचे यंत्र १९८० साली म्युनिक येथे प्रथम माणसावर वापरले गेले. लहरींनी खड्याचा चुरा होतो, तो लघवीवाटे पडतो. मुलांची मूत्रनलिका आखूड व लवचीक, म्हणून चुरा मोठ्यांपेक्षा सहज उतरतो. मात्र सारेच खडे सारखे नव्हेत. एक सेंटिमीटरपर्यंतचा बहुधा जमतो. दोनपुढचा किंवा मूत्रपिंडाच्या तळकप्प्यात बसलेला हट्टी. सिस्टीनचा तर आमच्याकडचा काळा पत्थरच! २०१३ साली तुर्की डॉक्टरांनी आकार, जागा, पूर्वीचे उपचार इत्यादींवरून यशाचा अंदाज बांधणारा गुणतक्ताही मांडला.

बेळगावला दाखवायला जाताना जुने फोटो व पडलेला खडा बरोबर न्यावा. बैठका किती, चुरा अडकला तर पुढे काय, हे आधीच विचारावे. लहानग्याला बहुधा भूल द्यावी लागते. म्हणून न फुटणाऱ्या खड्यावर बैठकांमागून बैठका नकोत. थंडीताप भरला, तर मात्र त्याच रात्री गाडी काढावी.